निळ्या ड्रमातलं पाणी

पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते, असं आपण सगळे शाळेत घोकून आलो. मी तर ते घोकून वर रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि मग एकतीस वर्षं पाण्याचा रंग, वास आणि चव कागदावर लिहिण्याचा पगार घेतला. प्रयोगशाळा कोणाची, हे मुद्दाम सांगत नाही. तिथली काही माणसं अजून भेटतात, सणाला फराळ पाठवतात, आणि मला तो फराळ आवडतो.

बाहेरच्यांना वाटतं, पाणी तपासणं म्हणजे सूक्ष्मदर्शकात डोळा घालून किडे मोजणं. तसं काही नसतं. सकाळी लाकडी पेटीत बर्फावर ठेवलेल्या बाटल्या येत. नळीत थोडं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं की क्लोरीन आहे, म्हणजे जंतूंचा बंदोबस्त आहे. शिवाय जंतूंची परीक्षा, तिला दोन दिवस लागत. आणि मग वास. वासाला आमच्याकडे यंत्र नव्हतं. पाणी जरा कोमट करायचं, चौघांनी ओळीने बसायचं आणि बाटली एका नाकाकडून दुसऱ्या नाकाकडे द्यायची. ज्याला सर्दी, त्याला त्या दिवशी सुट्टी नाही, रंगाचं काम.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. मुलुंडचे एक निवृत्त हेडमास्तर दर सोमवारी शाईच्या दौतीतून पाणी आणत आणि ते निळसर दिसतं अशी लेखी तक्रार करत. दौत धुतली होती का विचारलं की म्हणत, "तीनदा धुतली. तुमच्यासमोर धुऊ का?" मी त्यांना आमची काचेची बाटली दिली, तर पुढच्या सोमवारी ती घरी जपून ठेवून पुन्हा दौतच घेऊन आले. आम्ही खूप हसलो. भांडं पाण्याला काय काय देऊ शकतं, याचा धडा ते आम्हाला फुकट देत होते, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडे एक नियम होता. तक्रारदाराच्या घरचं पाणी प्यायचं नाही. त्याचं असं झालं होतं, की अंधेरीच्या एका सोसायटीत आमचे इन्स्पेक्टर पाण्याचा नमुना घ्यायला गेले, उन्हातून आले म्हणून पेलाभर पाणी प्यायले आणि सवयीने "वा, गार वाटलं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीने नोटीस बोर्डावर लावलं, की तज्ज्ञांनी स्वतः पिऊन पाणी उत्तम असल्याचं सांगितलं आहे. तेव्हापासून साहेबांचा हुकूम सुटला: तहान लागली तर खाली उतरून उसाचा रस प्या. मी हा नियम अगदी निष्ठेने पाळला. त्या निष्ठेचीच ही गोष्ट आहे.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या एका चाळीतून तक्रार आली. विठोबा परब नावाच्या गृहस्थांची. 'पाण्याला औषधाचा वास येतो, लहान मूल आजारी असते.' मी आणि आमचे शिपाई गुरव निघालो. गुरवांना रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. पेटी घेऊन पायऱ्या चढताना ते प्रत्येक वळणावर थांबत आणि डोंगराला नावं ठेवत.

परब मूळचे मालवणकडचे. गिरणीत होते, संपानंतर गिरणी सुटली, मग एका रसायनांच्या कारखान्यात रखवालदार म्हणून लागले. घरी बायको, मुलगा, सून सुनंदा आणि सहा महिन्यांची नात. तक्रार नवऱ्याच्या नावावर असली तरी खरी तक्रार परबकाकूंची होती. साठीच्या, बुटक्या, नऊवारी घट्ट नेसलेल्या. दारात पाय ठेवला तोच पेला भरून पुढे केला.

"आधी पाणी घेवा. मगे बोला."

मी नको म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या हातचा पाणी चालणा नाय काय तुमका?"

"तसं नाही हो काकू, आमचा नियम आहे," मी म्हटलं. पाहुण्याने पाणी नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान, हे मलाही कळत होतं. पण सरकारी भाषेत अपमानाला रकाना नसतो. मी पेला खाली ठेवायला लावला.

नमुना घ्यायची आमची रीत ठरलेली. नळाचं तोंड स्पिरिटच्या ज्योतीने भाजायचं, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं आणि मग निर्जंतुक बाटली भरायची. सकाळी दीडेक तास पाणी यायचं, त्याच वेळात आम्ही पोचलो होतो. गुरवांनी ज्योत धरली, मी बाटली भरली, शेजारपाजारचे पूजा बघावी तसे बघत उभे. अहवाल आला: क्लोरीन योग्य, जंतू नाहीत, वास नाही. 'पिण्यास योग्य' या रकान्यात मी खूण केली, साहेबांनी सही केली.

तीन आठवड्यांनी पुन्हा तक्रार. पुन्हा डोंगर, पुन्हा गुरवांची कुरकूर, पुन्हा पेला आणि पुन्हा माझा नकार. या वेळी भिंतीवर कॅलेंडरशेजारी आमचा अहवाल फ्रेम करून लावलेला दिसला. परबकाका त्या दिवशी घरी होते. फ्रेमकडे बोट करून म्हणाले, "बघा. एवढो सरकारी कागद इलो तरी हिचा चालूच. हिची जीभ म्हातारी झाली, दुसरा काय नाय."

काकूंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. मला हाताला धरून मोरीपाशी नेलं. तिथे कमरेएवढ्या उंचीचा निळा प्लास्टिकचा ड्रम होता, पुढच्या बाजूला हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. कारखान्याने दिवाळीला कामगारांना रिकामे ड्रम भेट दिले होते. गिरणी सुटल्यावर परबकाकांच्या हातात नव्या नोकरीतून आलेली ती पहिली मोठी वस्तू. डोक्यावर घेऊन डोंगर चढले होते ते. चाळीत दीड तास पाणी, त्यामुळे ज्याच्या घरी ड्रम त्याची चैन.

"तुमी नळाचा पाणी घेवन जातास," काकू म्हणाल्या. "आमी नळाचा खंय पितव? माझी नात ह्या ड्रमातला पिता."

एवढं सरळ कोणी मला कधी सांगितलं नव्हतं. मी ड्रममध्ये डोकावले. स्वच्छ, तळ दिसत होता. नाक घातलं, तर नुकतंच भरलेलं पाणी, काही वास नाही. काकांनी सांगितलं, की आणल्यावर सोडा, चिंच, गरम पाणी, सगळं वापरून चार-पाच वेळा धुतला आणि आठवडाभर उन्हात वाळवला. मग मी काकूंना समजावून सांगितलं, की आमची जबाबदारी नळापर्यंत. घरात साठवलेलं पाणी आमच्या फॉर्मात येत नाही. मी हे चांगल्या आवाजात सांगितलं, याचीच आज जास्त लाज वाटते.

सुनंदा दारात पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. "मॅडम, हिला दूध टिकतच नाही हो. मला दूध नाही म्हणून बाटली चालू केली. डॉक्टर म्हणाले पाणी उकळून घ्या, बाटली उकळून घ्या. दोन्ही उकळते. तरी ओकते. सगळे मलाच म्हणतात, तुला जमत नाही." तिच्या सासूने "कोण म्हणता गो?" असं करड्या आवाजात विचारलं, तेव्हा परबकाका बाहेर निघून गेले.

मी पुन्हा नळाचं पाणी नेलं. पुन्हा 'पिण्यास योग्य'.

तिसऱ्यांदा मी त्या घरी गेले ती तक्रारीसाठी नव्हे. मे महिना, भर दुपार, वरच्या आळीत फुटलेल्या पाइपाचं काम होतं. उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दिसेल त्या उंबऱ्यावर बसले. तो परबांचा उंबरा होता. तोंडावर पाण्याचा हबका बसला, मानेखाली हात आला आणि ओठांना पेला लागला. नियम आठवायची शुद्ध नव्हती. मी घटाघट प्यायले.

शेवटच्या घोटाला जीभ जागी झाली. टिंक्चर, जखमेची पट्टी, दवाखान्याची फरशी, या सगळ्यांची मिळून होईल अशी ती चव होती. फार नव्हती, पण होती. मी काकूंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, अगदी निश्चल.

"कळला?" त्या म्हणाल्या.

मी आधी गेले ते दोन्ही वेळा सकाळी, पाणी ताजं असताना. वास यायचा तो दुपारनंतर, छपराचा पत्रा तापून ड्रम कोमट झाल्यावर. पहिल्या दिवशी पुढे केलेला पेला आदल्या दिवशीच्या पाण्याचा होता. तो प्यायले असते, तर तिथेच कळलं असतं.

त्या दिवशी ड्रममधल्या पाण्याच्या बाटल्या मी स्वतःच्या पिशवीतून नेल्या. त्यात फिनॉल जातीचं रसायन निघालं. कारखान्यात तो ड्रम त्याच मालाचा होता. फिनॉल एकटं असतं तेव्हा इतक्या थोड्या प्रमाणात नाकाला कळत नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्याला भेटला, की त्या दोघांतून तिसरंच काही जन्माला येतं आणि त्याचा वास हजारपट तिखट असतो. म्हणून कोरड्या ड्रमाला वास नाही, नळाच्या पाण्याला वास नाही, आणि दोन्ही एकत्र आले की वास. पुस्तकात हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. उकळून जंतू मरतात, हे जात नाही, हेही लिहिलं होतं.

साहेबांच्या पाया पडून मी तो ड्रम टेंपोतून प्रयोगशाळेत आणवला. गच्चीवर ठेवला. रोज सकाळी नळाचं पाणी भरायचं, दुसऱ्या दिवशी तपासायचं, ओतून द्यायचं. मला वाटलं, आठवड्यात संपेल. आठवडा गेला, पंधरवडा गेला, महिना उलटला. कधी कमी, कधी ऊन वाढलं की जास्त, पण ते येतच राहिलं. पोकळ, धुतलेला, स्वच्छ दिसणारा ड्रम, आणि त्याच्या भिंतीतून कोणीतरी चिमटीचिमटीने काढून देतंय. शेवटी एका सकाळी गुरवांनी त्याला हात जोडले. "बाई, ह्याच्या पोटात अजून आख्खा कारखाना आहे," ते म्हणाले. मी हसले नाही.

घरच्या भाषेत सांगायचं तर असं. स्टीलच्या डब्यात लसणाची चटणी ठेवली, डबा धुतला, की संपलं. प्लास्टिकच्या डब्यात ठेवली की नंतर त्यात शिरा ठेवून बघा. काच, स्टील यांच्या अंगाला लागलेलं अंगालाच राहतं. प्लास्टिक ते आत मुरवून घेतं आणि सावकाश परत करतं. बरं, हे झालं मुरवलेल्याचं. मी कुतूहल म्हणून कोरा करकरीत ड्रम आणून तोही उन्हात भरून ठेवला. त्या पाण्यालाही चार दिवसांनी किंचित वास आला, वेगळा. तो कशाचा, हे सांगणारी परीक्षा आमच्याकडे नव्हती. प्लास्टिक घडवताना त्यात काय काय घालतात याची यादीही मला कोणी दिली नाही. त्यातलं काय पाण्यात उतरतं, वर्षानुवर्षं प्यायलं तर शरीरात काय करतं, वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिणाऱ्या तान्ह्या मुलाला काय करतं, हे त्या काळी मला विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. आमच्या फॉर्मावर मात्र दोनच रकाने होते, योग्य आणि अयोग्य. आम्ही ज्याची परीक्षा करू शकत नव्हतो ते सगळं इतकी वर्षं बिनबोभाट 'योग्य'मध्ये बसत आलं होतं.

ड्रम नेला त्याच दिवसापासून सुनंदाने पोरीसाठी नळाचं पाणी तांब्याच्या कळशीत वेगळं भरायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत पोरीच्या पोटात दूध टिकू लागलं. पाण्यामुळेच ती आजारी होती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तान्ह्या मुलाच्या पोटाला शंभर कारणं असतात, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. पण दूध टिकू लागलं एवढं खरं.

अहवाल घेऊन मी डोंगर चढले. काकूंसमोर बसून म्हटलं, "काकू, तुमची जीभ बरोबर होती. माझा कागद चुकला."

मला वाटलं होतं, त्या खूश होतील, नवऱ्याला सुनावतील. त्या भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तक्रार केल्यापासून कागद येवच्या आधी मी पोरीक ता पाणी देवक देय नव्हतंय. शेजारच्या कळशीतला मागून आणी. कागद इलो, आणि मी माझ्या जिभेचा आयकूक नाय. म्हटला, शिकलेली माणसा सांगतत. माझ्याच हातान पाजलंय तिका."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

ड्रम मी परत पाठवला तेव्हा परबकाकांनी त्याचं काय केलं, ते गुरवांनी येऊन सांगितलं. शेजारी म्हणाले, भंगारात द्या, चांगले पैसे येतील. काका म्हणाले, "नाय. भंगारवालो विकतलो, आणि दुसऱ्याच्या घरात पाणी भरतले." करवत आणून त्यांनी तो मधोमध कापला आणि पुन्हा एकेका अर्ध्याचे तुकडे केले. सबंध दुपार लागली.

पण कारखान्याने ड्रम वाटले होते ते एकट्या परबांना नव्हे. त्या आळीत आणखी अकरा होते. मी नमुन्यांच्या बाटल्या घेऊन गेले, तर काकू पदर खोचून तयार. त्यांची स्वतःची रीत होती. ड्रमातलं पाणी स्टीलच्या वाटीत घ्यायचं, स्टोव्हवर जरा कोमट करायचं आणि वर हात झाकून एकदम नाकाशी न्यायचं. मी बघतच राहिले. हीच रीत आमच्या जाडजूड पुस्तकात छापलेली होती, आणि ती या बाईने चहाच्या आधणावरून स्वतःची स्वतः काढली होती. "वास गरमाक वर येता," एवढंच तिचं स्पष्टीकरण.

प्रत्येक घरी त्या वास घेत आणि मला "हो नको" किंवा "हो चलात" सांगत, म्हणजे हा नको किंवा हा चालेल. मी त्यांचं मत वहीत लिहून ठेवलं आणि प्रयोगशाळेत कोणाला न सांगता परीक्षा केल्या. नऊ ड्रम त्यांनी नको म्हटले होते, त्या नवांत फिनॉल निघालं. एक त्यांनी चालेल म्हटला होता, त्यात निघालं नाही. आमचं सगळं काचसामान, तराजू, भट्ट्या, आणि त्या बाईची एक वाटी. अशा माणसांना आपण म्हातारी जीभ म्हणतो!

प्रश्न अकराव्याचा होता. कदमांच्या घरचा. त्यांची सून सात महिन्यांची गरोदर. काकूंनी वाटी नाकाशी नेली, खाली घेतली, पुन्हा नेली आणि म्हणाल्या, "हो पण नको," म्हणजे हाही नको. माझ्या परीक्षेत काही निघालं नाही. मी तीनदा केली. काही नाही.

मी अहवाल लिहिला: फिनॉल आढळले नाही. योग्य, अयोग्य, दोन्ही रकाने कोरे ठेवले आणि साहेबांसमोर ठेवला.

"आढळलं नाही ना? मग योग्यवर खूण करा की," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. परबकाकू नको म्हणाल्यात."

साहेब हसले. फार चांगला माणूस, पण हसले. "अहो, अहवालात असं लिहितात का? नाक कधीतरी चुकतं."

"चुकलं तर एक चांगला ड्रम फुकट जाईल," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, साहेबांसमोर तो कधी चढत नसे. "आपण दोनदा योग्य लिहिलं, साहेब. सही तुमची, पण खूण माझी. मी परबांच्या नातीला मांडीवर घेतलंय. सात महिन्यांची झाली होती तेव्हा, आणि हाताला काही लागतच नव्हतं. नुसतं कापड उचलल्यासारखं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग कागद जवळ ओढून दोन्ही रकान्यांवरून आडवं, स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'सदर ड्रममधील पाणी पिण्यासाठी वापरू नये.' खाली 'आधार' असं छापलेलं होतं. तिथे त्यांचं पेन थांबलं.

"त्या बाईंचं पूर्ण नाव काय?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. चार महिने मी त्या घरी जात होते आणि कागदोपत्री सगळीकडे विठोबा परब होते.

दुसऱ्या दिवशी मी नुसतं नाव विचारायला डोंगर चढले. काकू कळशी घासत होत्या. "माझा नाव? सरकारी कागदार?" त्या दोनदा म्हणाल्या. मग राखेचे हात धुतले, पदराला पुसले, सरळ उभ्या राहिल्या आणि शाळेत हजेरी द्यावी तसं सांगितलं, "सुभद्रा विठोबा परब."